बाटली हाडलंस? जुन्या दवाखान्यातलं गावचं संग्रहालय बघायला जाताना

देवगड आणि मालवणच्या मधल्या पट्ट्यात, खाडीकाठच्या एका गावात जांभ्या चिऱ्याची एक बसकी इमारत आहे. पुढे लांब पडवी, वर मंगळुरी कौलं, उजव्या हाताच्या भिंतीत हातभर रुंदीची एक खिडकी. कितीतरी वर्षं तो गावचा दवाखाना होता. डॉक्टर गेले, मुलं मुंबईला स्थिरावली, इमारतीला वाळवी लागायची वेळ आली, तेव्हा गावातल्या चार जणांनी ती साफ करून तिथे गावच्या जुन्या वस्तू मांडल्या. दवाखान्यातलं सामान होतं तिथेच राहिलं. गावाचं नाव मी देत नाही, कारण किल्ली ज्यांच्याकडे असते त्या काकांनी मला आधीच बजावलंय, "नाव घातलंस तर सगळे फोन तुज्याकडे वळवतलंय." शिवाय अशी इमारत तुमच्या आजोळीही असेल. पुढे जे लिहिलंय ते तिथेही चालेल.

मी सुट्टीत तिथे पाहुण्यांना फिरवतो. येणारे बहुतेक जण एकच चूक करतात. दारातून शिरले की थेट काचेच्या कपाटांकडे जातात, पितळी दिवे आणि तलवार बघतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत "छान जपलंय हो" म्हणून बाहेर. तलवार तर कुठेही बघायला मिळते. इथली खरी वस्तू म्हणजे ही इमारत, आणि ती समजून घ्यायची सोपी युक्ती अशी की पेशंट ज्या वाटेने जायचा त्या वाटेने जायचं. आधी पडवी, मग तपासणी, मग औषधाची खिडकी, आणि सगळ्यात शेवटी मागची खोली. दोन तास हाताशी ठेवा.

कधी जावं

मृगापासून नवरात्रापर्यंत शक्यतो नको. या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत कागदाच्या वस्तू कपाटात बंद करून ठेवलेल्या असतात, वीज केव्हाही जाते आणि भिंतींना ओल येते. गणपतीत गाव भरलेला असतो खरा, पण काका भजनात असतात. शिमग्यातही तीच गत. उत्तम काळ दिवाळीनंतर ते माघ. तेव्हा ऊन सोसवतं आणि कागद कोरडा असतो. एक मात्र बघून घ्या, त्या दिवशी गावच्या देवळाची जत्रा नाही ना. कार्तिकापासून दशावताराच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या दिवशी किल्ली कुठे आहे हे देवालाच ठाऊक. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कौल घेऊन ठरते, तिथीला बांधलेली नसते. तिची तारीख जाहीर झाली की त्या दोन दिवसांत मालवणकडच्या रस्त्यांवर गाडी घालू नका.

मे महिन्यात चाकरमानी येतात, आंबे असतात, म्हणून बरेच जण तेव्हाच येतात. या, पण सकाळी दहाच्या आत. दुपारी कौलांखाली भट्टी होते.

एरवी दिवसाची वेळ सकाळी दहा ते साडेबारा किंवा चारनंतर. मधल्या वेळात कोकणात माणूस झोपतो आणि त्याला उठवणं हा गुन्हा समजला जातो.

किल्ली शोधणं

अशा ठिकाणी तिकीटखिडकी नसते, किल्ली असते. ती किराणा दुकानात, ग्रामपंचायतीत किंवा शेजारच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. आदल्या दिवशी फोन करा. "उद्या उघडं असतं ना?" असं विचारलंत तर "असता हो, येवा" हेच उत्तर मिळेल, आणि त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. त्यापेक्षा नेमकं विचारा: "उद्या सकाळी साडेदहाला आम्ही चौघं येतो, तुम्ही गावात आहात ना?" माणूस गावात आहे की आठवड्याच्या बाजाराला गेलाय, हा खरा प्रश्न. आणि निघताना परत एक फोन.

मुंबईहून येणाऱ्यांना कोकण रेल्वेने कणकवली किंवा कुडाळ गाठणं सोयीचं. जून ते ऑक्टोबर पावसाळी वेळापत्रक लागू असतं आणि गाड्या सावकाश धावतात, तेव्हा पोचायची वेळ आधी तपासा. पुढे एसटी किंवा रिक्षा. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, पण वयाचा पुरावा म्हणून आधारकार्ड जवळ हवं. परतीची शेवटची गाडी कधी हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. 'वस्तीची गाडी' म्हणजे रात्री गावातच मुक्काम करून सकाळी परतणारी, तिच्या भरवशावर संध्याकाळी परत जाता येत नाही. एका पुणेकर कुटुंबाला हे कळेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते. शेवटी ते आमच्याच ओटीवर झोपले.

सोबत काय असावं

विजेरी, चष्मा, पाणी, डासांचं मलम. चपला सहज निघतील अशा, कारण आत लाल कोबा आहे आणि चपला पडवीतच राहतात. जोतं उंच आहे, तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर हाताला धरायला एक माणूस हवाच. स्वच्छतागृह आवाराच्या पलीकडे. टिपणं घ्यायची तर पेन्सिल आणा, शाईचं पेन जुन्या कागदांजवळ कुणालाच आवडत नाही. पेटीत टाकायला सुटे पैसे असू द्या, कारण प्रवेशमूल्य नाही आणि वाळवीचं औषध फुकट मिळत नाही.

आणि घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा. ज्याने त्या खिडकीतून औषध घेतलंय असं माणूस मिळालं तर मी शेजारी गप्प उभा राहतो, माझी गरजच उरत नाही. तेही नसेल तर घरातलं जुनं चिठ्ठीचपाटं, जुना फोटो, औषधाची रिकामी बाटली, जे सापडेल ते घेऊन या. बाटलीचं पुढे सांगतो.

पडवीत दहा मिनिटं बसा

आत जायची घाई करू नका. पडवीतल्या बाकावर बसा, कारण पेशंट इथेच तास न् तास बसायचा. वर बघा, वाशांना एक डोली टांगलेली आहे. रस्ता नव्हता तेव्हा डोंगरावरच्या वाडीतून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस या डोलीतून खाली यायचा, आणि खाडीपलीकडचे लोक तरीतून, म्हणजे होडीतून. दांडा जिथे खांद्यावर यायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय. हात लावायला हरकत नाही, या वस्तूला काकांची परवानगी आहे.

भिंतीवरचे खिळे कंदिलांसाठी आणि इरल्यांसाठी. डाव्या बाजूला चुन्याच्या थरांखाली एक पुसट लाल त्रिकोण दिसतो, तो कुटुंबनियोजनाचा. त्याच्या खाली गेरूने लिहिलेले काही आकडे आहेत, ते हिवतापाच्या फवारणीचे. देशात हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५३ साली सुरू झाली, मग घरोघर डीडीटी मारणारी माणसं आली आणि भिंतीवर तारीख घालून गेली. रंगकाम करताना काकांनी तेवढी हातभर जागा सोडली. रंगाऱ्याला ते अर्धवट काम वाटलं, म्हणून त्याने मजुरी मागायच्या आधी दोनदा विचारलं.

इथे बसल्यावर एक प्रश्न विचाराच: या बाकावर कोण बसायचं आणि आवारातल्या फणसाखाली कोण थांबायचं? उत्तर लगेच येणार नाही. आधी "सगळेच बसायचे" असं येईल. मग चहा झाल्यावर कुणीतरी हळू आवाजात सांगेल की सुरुवातीची काही वर्षं काही वाड्यांतले लोक पडवीवर चढत नसत, औषधही खाली ठेवलेल्या बाटलीत दुरून ओतलं जाई, आणि ते कधी बंद झालं ते. मांडलेल्या एकाही वस्तूखालच्या पाटीवर हे लिहिलेलं नाही. मला ते लिहिलेलं हवंय. त्यावर गावात अजून बोलणी चालू आहेत.

तपासणीची खोली

छोटी खोली, उत्तरेची खिडकी, टेबल, लाकडी बाकडं. टेबलावर पाऱ्याचं रक्तदाबाचं यंत्र, नळीचा रबर कडक झालेला स्टेथोस्कोप, मूत्रपिंडाच्या आकाराची इनॅमलची तबकडी, कडेचा पांढरा टवका उडालेला. बाजूला स्टोव्ह आणि त्यावर सुया उकळायचा डबा. काचेच्या सिरिंजा हातात घेता येत नाहीत, पण काचेतून नीट बघा: नळीवर आणि दट्ट्यावर सारखाच आकडा कोरलेला असतो. दोन्ही एकमेकांना घासून बसवलेले असत, एकाचा दट्ट्या दुसऱ्यात बसत नसे. सगळं एकदम उकळून निघालं की कंपाउंडर आकडे जुळवत बसायचा. सुईदेखील एकदा वापरून फेकायची नसे. बोथट झाली की दगडावर घासून परत टोकदार करायची. इंजेक्शनला गाव का घाबरायचा ते या वाक्यात आलं.

सोबत लहान मुलं असतील तर दंड तपासायचा खेळ खेळा. आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण सापडेल, क्षयाच्या बीसीजी लशीचाही असू शकेल. भारतातला देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. त्यानंतर काही वर्षांत ती लस बंदच झाली. म्हणून नातवाच्या दंडावर देवीचा वण नसतो. "देवी काढणारा आला" म्हटल्यावर पोरं माळ्यावर कशी लपायची, हे आजोबा आपणहून सांगतात.

खोलीच्या कोपऱ्यात एका जुन्या बरणीत विंचू आहे. लाल विंचू. कोकणात हा विंचू डसून माणसं, विशेषतः मुलं, दगावत असत, आणि डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला, त्यावर जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ही बरणी बघताना मी त्यांचं नाव सांगतोच, कारण आडगावचा एक दवाखाना काय करू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण मला कोकणात दुसरं सापडलेलं नाही.

फुरसं या सापाची गोष्ट त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, आणि मारलेल्या फुरशांची संख्या लाखांच्या घरात गेली होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी आजची लस सरकारी रुग्णालयात मिळते. संग्रहालयात एक 'सर्पदंशाची पेटी' आहे, त्यात पाते आणि जांभळ्या रंगाची पूड. चीर देऊन पूड भरायची. हा उपाय आता कुणीही करू नये. काकांनी तशी पाटीही लावली आहे, कारण एकदा एका काकूंनी "घरी ठेवायला हवी अशी" म्हटलं होतं.

दोन सक्त सूचना. पाऱ्याच्या यंत्राला हात लावू नका, आणि कुठे चांदीसारखे थेंब जमिनीवर दिसले तर पायाने पसरवू नका, लगेच सांगा. आणि कपाटातल्या कुठल्याही भरलेल्या बाटलीचं बूच उघडू नका. भाजल्यावर लावायला पूर्वी पिक्रिक ॲसिड वापरत. ते वर्षानुवर्षं पडून सुकलं की स्फोटक होतं. तुमच्या घरच्या माळ्यावर अशी पिवळे खडे धरलेली जुनी बाटली सापडली तर ती हलवू नका, आधी जाणकाराला विचारा.

औषधाची खिडकी

मला विचाराल तर इथवरचं सगळं या खिडकीसाठी. आतून बघितलं तर फळीवर बाटल्यांची रांग, तराजू, खलबत्ता, काचेची मोजमापं. बाहेरून बघितलं तर चौकटीचं खालचं लाकूड मध्ये खोलगट झालेलं. कोपरं टेकून टेकून.

कंपाउंडरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "बाटली हाडलंस?" म्हणजे बाटली आणलीस का? औषध मिळायचं, बाटली आपली आपण आणायची. राखेने घासून, उन्हात सुकवून. मी सात वर्षांचा असताना आजीला खोकला झाला म्हणून बाटली घेऊन दोन मैल चालत इथे आलो. कंपाउंडरने बाटली नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीतून ती परत दिली. रॉकेलची होती. मी परत गेलो, परत आलो. दुसऱ्या खेपेला त्याने मला लिमलेटची गोळी दिली होती, ती मी वाटेत खाल्ली आणि आजीला सांगितलं नाही.

आता बाटली कशी वाचायची ते. कपाटात मध्यावर एक सहा औंसांची बाटली आहे, तिच्या अंगाला उभी कागदी पट्टी चिकटवलेली आहे. पट्टीच्या दोन्ही कडांना खाचा आहेत. कागद घडी घालून कात्रीने कोपरे कापले की उलगडल्यावर अशा खाचा पडतात. एक खाच म्हणजे एक डोस. सहा औंसांत सहा डोस, दिवसाला तीन, म्हणजे दोन दिवसांचं औषध. ज्याला वाचता येत नाही त्यालाही मोजता येईल अशी ही युक्ती. मुलांना कागद आणि कात्री देऊन ही पट्टी करून बघायला लावा, काका कागद देतात. पहिल्या खेपेला खाचा लहानमोठ्या पडतात, मग मुलांना कळतं की कंपाउंडर काय कसबी होता.

मापांचं कोष्टक भिंतीवर आहे: साठ मिनिम म्हणजे एक ड्रॅम, आठ ड्रॅम म्हणजे एक औंस. कोरड्या औषधाला ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आता खिशातल्या तापाच्या गोळीचं पाकीट काढा. तिच्यावर ६५० किंवा ३२५ लिहिलंय? हा आकडा असा विचित्र का, ते इथे कळतं. दहा ग्रेन आणि पाच ग्रेन. मापं गेली, आकडा राहिला.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या फाइलमध्ये आहेत. अक्षर लागणार नाही, पण शेवटची दोन-तीन अक्षरं लागतील. टी.डी.एस. म्हणजे दिवसातून तीनदा, बी.डी. म्हणजे दोनदा, एच.एस. झोपताना, ए.सी. जेवणाआधी, पी.सी. जेवणानंतर. एवढ्यावर निम्मी चिठ्ठी वाचता येते. डॉक्टरांच्या नावापुढे एल.सी.पी.एस. दिसेल. ही एम.बी.बी.एस. नव्हे, मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची पदविका. त्या काळात खेड्यात जाऊन बसणारे पुष्कळ डॉक्टर हीच पदविका घेऊन आलेले असत.

वरच्या फळीवर खरखरीत उभ्या रेघांच्या, निळ्या-हिरव्या बाटल्या आहेत. विषारी औषधं अशाच बाटल्यांत ठेवायची पद्धत होती, म्हणजे रात्री कंदील विझला तरी हाताला रेघ लागली की कळावं, ही नको.

नोंदवह्या, आणि त्या वाचण्याची रीत

खिडकीशेजारच्या कपाटात रोजच्या पेशंटांच्या वह्या आहेत, कापडी बांधणीच्या, वेखंडाचे तुकडे घालून ठेवलेल्या. मागितल्यावर एखादी मिळते. हात धुऊन, पुसून, वही टेबलावर सपाट ठेवून पानं कोपऱ्यातून उलटा. थुंकी लावून पान उलटलंत तर काका तुमच्या हातातून वही काढून घेतील. माझ्याही एकदा घेतली होती.

नावं वाचू नका असं मी म्हणत नाही, पण मोठ्याने वाचू नका आणि नावांसकट फोटो काढू नका. यात क्षय आहे, कुष्ठरोग आहे, 'दिवस गेलेले' आहेत. ज्यांची नोंद आहे त्यांची नातवंडं समोरच्याच वाडीत राहतात. एका पाहुण्याने एक पान भ्रमणध्वनीवर टाकलं आणि त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. त्या वह्या तेव्हापासून कुलपात आहेत.

मग वहीत बघायचं काय? महिना बघा. पावसाच्या मधल्या महिन्यांत 'ताप थंडी' किती आणि फाल्गुनात किती, हे नुसत्या नजरेने दिसतं. 'काय दिले' हा रकाना बघा: दोन आणे, चार आणे, मध्येच 'नारळ २', 'तांदूळ', 'बांगडे', आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नाही, नुसती रेघ. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्यानंतरच्या पानांवर आणे आणि नये पैसे शेजारी शेजारी नांदताना दिसतात, कारण कंपाउंडरला सवय व्हायला वर्षभर लागलं. पुढे 'ग्रेन' खोडून 'मि.ग्रॅ.' लिहिलेलंही दिसेल. गावाचं नवं हिशेबी जग इथे एकेका ओळीत बदलत जातं.

स्वतःच्या घराण्याची नोंद शोधायची असेल तर आडनावाने शोधू नका, कारण अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं. वाडीचं नाव आणि घरातल्या मोठ्या पुरुषाचं नाव ठाऊक करून या. बायकांची नोंद 'अमक्याची सून', 'तमक्याची आई' अशी असते. माझ्या आजीचं स्वतःचं नाव मला त्या वहीत कुठेच सापडलं नाही.

मागची खोली

इथे गावचं उरलेलं सगळं आहे आणि मांडणी जरा अडगळीसारखी आहे, हे कबूल. पायली, शेर, इरलं, जातं, मनिऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा, चाकरमान्यांचे फोटो. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी हे कोष्टक मुलांना पाठ करायला लावू नका, पण पायली उचलून बघू द्या.

एका कोपऱ्यात बोटीचं तिकीट आणि एका प्रवाशाचा लोखंडी ट्रंक आहे. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा मुंबई ते मालवण, वेंगुर्ले हा प्रवास किनारी आगबोटीनेच व्हायचा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावरच्या किती घरांत तेव्हापासून आषाढातल्या अमावस्येला कुणी प्रवासाला निघत नाही, ते विचारून बघा.

याच बोटींनी माणसं आली, मनिऑर्डरी आल्या, आणि रोगही आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा शहर सोडून लोक गावोगाव पळाले, पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची पहिली लाटही मुंबई बंदरातूनच देशात शिरली. कपाटातलं तिकीट एवढंसं, पण शेजारच्या खोलीतल्या वहीचं एक कारण तेही आहे.

वस्तू द्यायची असेल तर

बघून झाल्यावर पुष्कळांना वाटतं की आपल्याकडचंही काहीतरी द्यावं. द्या, पण रीतसर. वस्तू घासूनपुसून आणू नका. पितळ चकचकीत केलं की त्याचा जुना रंग जातो, आणि बाटलीवरचं लेबल धुतलं की ती नुसती बाटली राहते. सोबत एक कागद लिहून द्या: कुणाची, अंदाजे कधीची, कशासाठी वापरायचे, तुमच्याकडे कशी आली. या कागदाशिवायची वस्तू पाच वर्षांत मुकी होते. कायमची देताय की ठरावीक मुदतीसाठी, हे त्यातच स्पष्ट लिहा आणि दोघांनी सही करा. भाऊबंदकीची वस्तू असेल तर सगळ्या भावांना आधी विचारा. हे शहाणपण मला एका पितळी हंड्याने शिकवलं, तो आम्हाला परत करावा लागला.

औषध भरलेली बाटली, पारा, इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया घेत नाही. फोटो असेल तर मूळ तुमच्याकडे ठेवा, प्रत द्या आणि फोटोतल्या माणसांची नावं मागे पेन्सिलीने लिहा.

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं नोंदवून देणं त्याहून चांगलं. फोनचं रेकॉर्डर लावा, आधी परवानगी घ्या, फोन विमान मोडवर टाका नाहीतर मध्येच सुनेचा फोन येतो. पंखा बंद ठेवा. "तुमच्या वेळचं काहीतरी सांगा" असं विचारलंत तर "काय सांगायचं, कष्टच होते" एवढंच मिळेल. बारीक विचारा: बाटली कुठे धुवायचात? डॉक्टर घरी आले तर बसायला काय द्यायचात? रात्री पेशंट न्यायचा तर कंदील कुणाचा? मालवणीत विचारा, मालवणीतच उत्तर घ्या. प्रमाण भाषेत विचारलं की माणूस उभा राहून भाषण करायला लागतो.

जवळपास आणखी एक दिवस असेल तर

कुडाळजवळ पिंगुळीला जा. परशुराम गंगावणे यांनी तिथे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं आहे, त्याची सुरुवात त्यांच्या गोठ्यात झाली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दवाखाना काय, गोठा काय, कोकणात संग्रहालय असंच उभं राहतं. रत्नागिरीला थिबा राजवाडा आहे, ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलं त्याची वास्तू, १९१० सालची. सोमवारी जाऊ नका. वाचायची आवड असेल तर तिथलंच १८२८ सालचं नगर वाचनालय.

निघताना

अभिप्रायाच्या वहीत "छान वाटले, उपक्रम स्तुत्य आहे" असं लिहू नका. अशा दीडशे नोंदी आहेत आणि त्यातून काहीच कळत नाही. तुमची वाडी लिहा, घराचं नाव लिहा, आणि आत ओळखीची वाटलेली एक वस्तू लिहा. मी पहिल्या खेपेला लिहिलं होतं: 'वरच्या फळीवरची डावीकडून तिसरी बाटली आमच्या घरची असावी. तळाला तडा आहे, तो मी पाडला.' दोन महिन्यांनी खालच्या वाडीतल्या एका आजींनी त्याखाली लिहवून घेतलं की तडा आधीपासूनच होता आणि बाटली त्यांची आहे.

किल्ली दुकानात परत द्या. दुकानदार तुमच्याकडून पैसे घेणार नाही, पण सोडा प्यायल्याशिवाय सोडणारही नाही. गाडी साडेपाचला तिठ्यावर येते. येते म्हणजे साधारण साडेपाचला.